सही होईपर्यंत

आरशाच्या कडेला चिकटवून ठेवलेली टिकली सासूबाईंनी नखानं खरवडून काढली, तिच्यावर फुंकर घातली आणि माझ्या कपाळावर दाबून बसवली.

"हालू नको. वाकडी बसते मग."

मी हालत नव्हतेच. त्या दिवसांत मला कुणी ऊठ म्हटलं की मी उठत होते आणि बस म्हटलं की बसत होते. टिकलीचा डिंक सुकला होता, म्हणून त्यांनी अंगठ्यानं पुन्हा दाबली आणि मान तिरपी करून पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या कपाळावर गोंदणाचा हिरवा ठिपका तेवढा होता. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"पदर दोन्ही खांद्यांवरून घे. गळा दिसायला नको."

दारात माझे दीर, सुधाकर भावजी, चपला घालून उभे होते. ही कल्पना त्यांचीच, पण आता त्यांच्याच्यानं माझ्याकडे बघवत नव्हतं. ते उंबऱ्याकडे बघत म्हणाले, "वहिनी, मागच्या दारानं निघू. पुढं शेजारच्या बाया बसल्यात."

माझे यजमान, रमाकांत उत्तरवार, यांना जाऊन अजून दहावंही झालेलं नव्हतं. सुतकातली, नुकती कुंकू पुसलेली बाई टिकली लावून घराबाहेर पडते आहे, हे कुणी पाहिलं असतं तर गावाला वर्षभर पुरलं असतं. मला त्याची लाज वाटायला हवी होती. मला काहीच वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

आमचा धंदा सरकारी दवाखान्यांना कापड पुरवायचा. चादरी, उशांचे अभ्रे, रुग्णांचे सदरे-लेंगे. पुढं दुकान, मागं शिलाईची मशिनं, वर आम्ही. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण सरकारी पुरवठ्यात माणूस तेवढंच करत असतो. सगळ्यांत कमी दर ज्याचा, काम त्याचं. म्हणून दर असा भरायचा की दुसऱ्यापेक्षा जरासा कमी व्हावा आणि आपल्या हातात जरासं उरावं. तो 'जरासा' ज्याला कळला तो या धंद्यात टिकतो. ह्यांना तो कळत होता.

निविदा तेव्हा कागदावर भरत आणि लाखेनं बंद करत. लखोटे दोन असत. पहिल्यात कागदपत्रं आणि बयाण्याचा डीडी, दुसऱ्यात दर. पहिला लखोटा मी तयार करायची. दुसऱ्यातला आकडा हे एकटे भरायचे, दुकानाचं शटर अर्धं ओढून.

"दर बायकोलासुद्धा सांगायचा नसतो," असं म्हणायचे.

"मग लाख बायकोकडून कशाला लावून घेता?"

"तेवढा विश्वास आहे."

त्या वेळीही मीच मेणबत्तीवर लाख वितळवली. एक थेंब माझ्या अंगठ्यावर पडला, मी ओरडले, आणि हे हसत हसत माझ्या अंगठ्यावर फुंकर घालत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी लखोटे दवाखान्याच्या निविदापेटीत टाकले. पेटी लगेच उघडायची होती, पण मोठे डॉक्टर, कासले, यांना प्रशिक्षणासाठी पुण्याला बोलावलं आणि पेटी कुलपातच राहिली. कासले परत यायच्या आत एका सकाळी दुकानाचं शटर वर उचलता उचलता हे खाली बसले. पुन्हा उठले नाहीत.

माझ्या अंगठ्यावरचा फोड मात्र अजून होता.

हे सांगितलं नाही तर पुढचं कळायचं नाही, म्हणून ह्यांचा एक स्वभाव सांगते. निविदा पेटीत असेपर्यंत हे दवाखान्यातला चहासुद्धा पीत नसत. नळाचं पाणी प्यायचे, पण चहा नाही. "देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या टेबलाला तोवर हात लावू नये," म्हणायचे. त्यांचं हे सोवळं सगळ्या ठेकेदारांत चेष्टेचा विषय होतं. मीही चेष्टा करायची.

आणि एवढं सोवळं पाळणाऱ्या माणसानं त्या वर्षी एक भलतंच धाडस करून ठेवलं होतं. निविदा निघायच्या आधीच, यंत्रमागवाल्यांच्या मंदीत, त्यांनी दवाखान्याचं कापड विणून घेतलं. निळ्या काठाचं, काठात दवाखान्याची खूण विणलेलं. स्वस्तात पडलं, म्हणून दर कमी भरता आला. पण तसं कापड दुसरं कोण घेणार? काम मिळालं तर सोनं, नाही मिळालं तर पोतेरं. मागची खोली छतापर्यंत त्या गठ्ठ्यांनी भरली होती, आणि दुकानात होतं नव्हतं ते सगळं त्या गठ्ठ्यांत अडकलं होतं.

पेटी उघडायच्या आदल्या दिवशी सुधाकर भावजी वकिलांकडून आले ते स्वयंपाकघराच्या दारातच बसले. भावजी शाळेत मास्तर, त्यामुळे कुठलीही गोष्ट फळ्यावर लिहिल्यासारखी सांगायची सवय.

"आई, वहिनी, नीट ऐका. दुकान भैयाच्या एकट्याच्या नावावर. म्हणजे कायद्यानं दुकान आणि भैया एकच. भैया गेला की त्यानं दिलेला देकारही गेला."

"देकार म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणजे निविदा हो. आम्ही इतक्याला माल देतो, असं म्हणणं."

"मग गेलं की सगळंच."

"नाही ना! इथंच तर मेख आहे. देकार देणारा गेला हे घेणाऱ्याला आधी कळलं, तर देकार रद्द. पण कळलं नाही, आणि त्यानं मंजुरीची सही केली, तर करार पक्का. मग माल वारसानं पुरवायचा. वहिनींनी."

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे सरकारदरबारी माझा लेक अजून आहे म्हण की."

"सही होईपर्यंत," भावजी म्हणाले.

मी भिंतीला टेकून बसले होते. मला बोलायचं नव्हतं, पण हिशेबी डोकं आपलं आपण चालत राहतं. "अख्खं गाव स्मशानात होतं," मी म्हटलं. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?"

"गावाचं सोडा. सही कासल्यांची आहे आणि ते उद्या सकाळी पुण्याहून थेट दवाखान्यात यायलेत. तेवढ्या वेळात कुणी बोललं नाही म्हणजे झालं. पण तुम्हाला यावं लागतंय, वहिनी. प्रतिनिधी म्हणून भैया दर वेळी तुमचंच अधिकारपत्र जोडतो. मी एकटा गेलो तर पहिला प्रश्न हाच, की दोघं कुठं आहेत? फक्त..."

ते थांबले आणि त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. मग मान खाली घातली. सासूबाईंना समजलं. त्या उठून आत जाताना एवढंच म्हणाल्या, "उद्याचं उद्या बघू."

आणि सकाळी त्यांनी आरशावरची टिकली काढली.

दवाखान्याच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर नागनाथअप्पा हेरकर बसलेले होते. अप्पा म्हणजे आमचे जुने वैरी. याच गावात, याच धंद्यात, दर वर्षी ते आणि हे समोरासमोर. कधी काम त्यांना, कधी आम्हाला. अप्पांनी ह्यांना खांदा दिला होता. आता त्यांनी मला पाहिलं, माझं कपाळ पाहिलं, आणि हातातली पिशवी मांडीवरून काढून बाजूला ठेवली.

भावजी त्यांच्यापुढं जवळजवळ वाकलेच. "अप्पा, तुमच्याशी जरा बोलायचं होतं. अर्धं काम तुम्ही घ्या. आपण मिळून..."

"मास्तर," अप्पा म्हणाले, "तुम्ही शाळेत शिकवा. इथं शिकवू नका."

भावजी पडल्या चेहऱ्यानं खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. अप्पा समोरच्या भिंतीकडे बघत हळू आवाजात बोलायला लागले.

"कायदा मलाबी ठाऊक आहे, वहिनी. सही व्हायच्या आधी मी तोंड उघडलं की तुमचा लखोटा बाद. मग उरले ते परगावचे दोन ठेकेदार. त्यांचा माल ह्या लोकांना पसंत पडत नाही. म्हणजे काम माझं."

"मग उघडा की," मी म्हटलं.

मी काही धीरानं किंवा तोऱ्यानं म्हटलं नव्हतं. मला खरंच कशाचं काही नव्हतं. अप्पांनी मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं.

"रमाकांतशी मी जन्मभर भांडलो. भांडायला समोर माणूस लागतो. नसलेल्या माणसाचं काम ओढून घेऊन मी घरी काय तोंड दाखवू? माझी मंडळी मला दारात उभं करणार नाही." त्यांनी गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीवर हात ठेवला. "पण एक सांगून ठेवतो. मी आपणहून बोलणार नाही. मात्र साहेबांनी मला तोंडावर विचारलं, रमाकांत कुठं आहे, तर हे गळ्यात असताना मी खोटं बोलणार नाही. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. तेवढं समजून घ्या."

"समजलं," मी म्हटलं.

भांडारपाल गुट्टे दार उघडून बाहेर आले आणि म्हणाले, "चला." त्या सकाळी ह्यांना याच दवाखान्यात आणलं होतं आणि गुट्टे धावत आले होते, माझ्याबरोबर उभे राहिले होते. आता त्यांनी माझ्या टिकलीकडे पाहिलं, भावजींकडे पाहिलं, आणि पेटीच्या किल्ल्या शोधायला लागले. किल्ल्या त्यांच्या हातातच होत्या.

डॉक्टर कासले प्रवासाच्या कपड्यांतच होते. गडगडाटी माणूस, बोलायला लागले की खोली लहान वाटायची. बाजूला जिल्ह्याहून आलेल्या लेखाधिकारी बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"या या, वहिनी! आज तुम्हाला पुढं केलं? उत्तरवार कुठं दडून बसलेत?"

"बाहेरगावी गेलाय भैया," भावजींनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

"बरंय. तो असला की मला चहा पिता येत नाही. समोर बसून हा माणूस नळाचं पाणी पितो, मला चोरट्यासारखं वाटतं." कासले स्वतःच मोठ्यानं हसले. "गेल्या वर्षी आमच्या तक्त्यात बेरीज चुकली होती. चूक त्याच्या फायद्याची! तरी हाच उठून दाखवतो. असला ठेकेदार मी दुसरा बघितला नाही."

परगावचे दोघं हसले. गुट्टे पेटीकडे बघत राहिले. त्या खोलीत ज्यांना माहीत होतं ते सगळे गप्प होते, आणि ज्याची सही व्हायची होती तो एकटा ह्यांच्याबद्दल बोलत होता, आत्ता जिना चढून येतील अशा माणसाबद्दल बोलावं तसं. कितीतरी दिवसांत ह्यांच्याबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. घरी येणारा प्रत्येक जण हळू आवाजात बोलायचा. मला कासल्यांचं ऐकत राहावंसं वाटलं. डॉक्टरांनी आणखी बोलावं, पेटी उघडूच नये, असं वाटलं.

पेटी उघडली. लखोटे टेबलावर आले. रीत अशी, की फोडण्याआधी हजर असलेल्या सगळ्यांनी प्रत्येक लखोट्यावर सही करायची, म्हणजे मागाहून बदलला असं कुणी म्हणू नये. आमचा लखोटा फिरत फिरत माझ्यापुढं आला. लाखेचा एक ठसा कडेला बिघडलेला होता. तिथंच माझा अंगठा भाजला होता. मी त्याच्या शेजारी सही केली आणि लखोटा पुढं सरकवला.

पहिले लखोटे फोडले. लेखाधिकारी बाईंनी एकेक कागद तपासला. माझं अधिकारपत्र उलटसुलट केलं, ह्यांच्या सहीवर बोट ठेवून फाइलमधल्या जुन्या सहीशी ताडून पाहिलं. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. मग दुसरे लखोटे. गुट्टे दर मोठ्यानं वाचायला लागले. परगावचे दोघं वर होते. अप्पांचा दर वाचला तेव्हा भावजींनी डोळे मिटले. शेवटी आमचा वाचला.

आमचा कमी होता. अप्पांपेक्षा जरासाच.

अप्पा मांडीकडे बघत पुटपुटले, "आधीच विणून घेतलं वाटतं गड्यानं." त्यांच्या आवाजात चक्क कौतुक होतं.

"कुणाची काही हरकत?" कासल्यांनी विचारलं. विचारायचा नियमच होता. मग अप्पांकडे बघून त्यांनी डोळे मिचकावले. "काय अप्पा, पाडलं ना तुम्हाला? खरं सांगा, कुठं पळालाय तुमचा दोस्त?"

झालं. तोंडावर विचारलं.

भावजींचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर आला. गुट्ट्यांनी हातातला कागद खाली ठेवला. अप्पांचा हात छातीवरच्या डबीकडे गेला. मी बघत होते. आता गठ्ठे पडून राहतील, मी मनाशी म्हटलं; वाळवी लागेल, मशिनांवरच्या बाया दुसरीकडं जातील. हे सगळं मला लांबून, काचेपलीकडून दिसत होतं.

अप्पा सावकाश उठले.

"हरकत आहे, साहेब."

"बोला."

"मागच्या वर्षी माझ्या चादरीचा नमुना तुम्ही ठेवून घेतला. काम दिलं नाही ते नाही, नमुनाबी नाही दिला. त्याच्या मागच्या वर्षीचा बी नाही. नियम असा आहे की ज्याला काम मिळालं नाही त्याचा नमुना परत करायचा. माझ्या चादरी कुणाच्या घरी अंथरायलेत ते आधी सांगा, मग दोस्ताचं विचारा."

परगावचे दोघं खो खो हसले. कासले हसता हसता लाल झाले. "गुट्टे! अहो, द्या यांच्या चादरी!" गुट्टे उठून कपाट उघडायला धावले, आणि एवढ्या तातडीनं धावले की टेबलाचा कोपरा मांडीला लागला. चादरी सापडल्या, त्यांच्यावर धूळ होती, लेखाधिकारी बाईंना शिंक आली, आणि मघाचा प्रश्न कुठं गेला तो गेला. अप्पा खाली बसले. घडी मांडीवर घेऊन त्यांनी कपाळाचा घाम तिच्यानंच पुसला.

तक्ता तयार झाला. चादरी दवाखान्यात संपत आल्या होत्या, थंडीचे दिवस होते, म्हणून मंजुरी तिथल्या तिथं द्यायची ठरली. गुट्ट्यांनी सही केली. लेखाधिकारी बाईंनी दोनदा बेरीज तपासून सही केली. कागद कासल्यांपुढं आला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

आणि पेन हातात धरूनच माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, त्यानं ईसीजी काढला का?"

मला प्रश्न कळला नाही.

"सांगितलं नाही तुम्हाला? वाटलंच मला! अहो, लखोटा टाकायला आला त्या दिवशी इथं जिन्यात बसला होता, दम लागून. घामानं भिजलेला. मी वरून उतरत होतो. म्हटलं, चल आत, आत्ताच ईसीजी काढू, मशीन इथंच आहे. तर हा माणूस मला काय म्हणतो! म्हणतो, डॉक्टर, लखोटा पेटीत आहे. आता तुमच्याकडून तपासून घेतलं तर बरं दिसायचं नाही. निविदा उघडली की दुसऱ्या दिवशी येतो."

गुट्टे खिडकीकडे वळले.

"मी रागावलो. म्हटलं, अरे, दुसरीकडं कुठं तरी काढ. हो हो म्हणाला. मग मला पुण्याची गाडी गाठायची होती. पेटी माझ्याच पायी लांबली, तेच डोक्यात होतं माझ्या. काढला का त्यानं?"

"नाही काढला," मी म्हटलं.

हे खोटं नव्हतं.

"आता उघडली निविदा. आता तरी काढायला लावा. हयगय करू नका, वहिनी. सांगा त्याला, कासल्यांनी दम दिलाय म्हणावं."

भावजी माझ्या मागं उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. डॉक्टर उत्तराची वाट बघत होते, पेन कागदावर टेकलेलं.

"सांगते," मी म्हटलं.

कासल्यांनी सही केली.

मंजुरीचं पत्र टाइप होऊन हातात पडलं. अप्पा जिन्यात भेटले, बगलेत जुन्या चादरी. "पुढच्या वर्षी सोडणार नाही हं," ते म्हणाले, आणि रुमालानं डोळे पुसत भराभरा उतरून गेले. कासल्यांना भावजींनीच दुसऱ्या दिवशी जाऊन सगळं सांगितलं. ते काय म्हणाले, हे भावजींनी मला आजपर्यंत सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही. चादरी वेळेवर गेल्या, दुकान राहिलं. आता निविदा संगणकावर भरतात, लाख लागत नाही, आणि आकडा मीच भरते.

पण त्या दिवशी आम्ही खाली उतरलो तेव्हा वाटेत अपघात विभागाचं दार लागलं. त्या सकाळी ह्यांना तिथं लोखंडी खाटेवर ठेवलं होतं आणि वरून चादर घातली होती. चादर आमचीच होती, निळ्या काठाची. मी तेव्हा काय केलं असेल? काठ बोटांत धरून शिवण तपासली होती. शिवण सरळ होती. गुट्टे शेजारी रडत होते आणि मी शिवण बघत होते. ते मला आता, त्या दारासमोर, आठवलं. मी हातातलं पत्र भावजींकडे दिलं आणि घराकडं चालायला लागले.

सासूबाई मागच्या दारातच बसून होत्या.

"झाली सही?"

"झाली."

त्यांनी मान हलवली. लेक गेल्याची बातमी त्यांना जणू तेव्हा पुन्हा मिळाली. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मग काढून ठेव ती."

मी आरशासमोर गेले. पहिल्या वेळी बायांनी पुसलं होतं, कुणाचा हात होता तेही मला आठवत नाही. या वेळी हात माझाच होता. सकाळी सुकलेला डिंक आता घामानं घट्ट धरून बसला होता. नखानं काढली. कुठं ठेवावी कळेना, म्हणून होती तिथंच, आरशाच्या कडेला, पुन्हा लावून टाकली. आरशाखाली ह्यांचा कंगवा होता.

मी डॉक्टरांना सांगते म्हणाले होते.

"ईसीजी काढायला काय झालं होतं?" मी म्हटलं. आवाज माझा मलाच मोठा वाटला. "मशीन तिथं, डॉक्टर तिथं. किती वेळ लागला असता? बरं दिसायचं नाही म्हणे! कुणाला बरं दिसायचं नाही? आता दिसतंय बरं?"

भावजी घाबरून दारात आले. "वहिनी..."

मी त्यांच्याकडे वळले नाही. कंगवा हातात घेतला होता, तो आरशावर आपटला.

"नका पिऊ त्यांचा चहा. नका जाऊ त्यांच्या खोलीत. गावात दुसरा डॉक्टर नव्हता? आणि मला सांगायला? जिन्यात बसलात, घाम फुटला, घरी येऊन माझ्याशेजारी जेवलात. दर सांगायचा नसतो बायकोला, मान्य. छातीत कळ आली हे सांगायला कुठली निविदा आडवी आली होती तुम्हाला?"

मग मी आरशाखाली बसले आणि इतके दिवस कुठं अडलं होतं कोण जाणे, ते सगळं एकदम आलं. मी रडत होते आणि ह्यांना बोलत होते, वाट्टेल ते बोलत होते. भावजी मला उठवायला पुढं झाले.

"राहू दे तिला," सासूबाई मागच्या दारातून म्हणाल्या. त्या जागच्या उठल्या नव्हत्या. "बोल गं. माझ्या वाटचंही बोल त्याला."